तारेआडची शाळा



या व्यासपीठावर दर उन्हाळ्यात विद्वान माणसे येतात आणि आपण त्यांना ऐकता. मी विद्वान नव्हे. माझे शाळेतले शिक्षण सातवीला थांबले. पुढे जे काही शिकलो ते दाल मिलमध्ये गोण्या वाहून झाल्यावर, रात्री, जळगावच्या व. वा. वाचनालयातून आणि धुळ्याच्या गरुड वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांच्या आधाराने. तेव्हा शिक्षणाच्या हक्कावर मी बोलावे हे काहींना धाडसाचे वाटेल. परंतु ज्याला जेवण वेळेवर मिळाले नाही, त्याला भुकेविषयी दोन शब्द बोलण्याचा अधिकार असतो, एवढ्या आधारावर मी उभा आहे.

विषय जरा आडवळणाचा आहे. एखाद्या कुटुंबाला सरकार परके समजून, संशयित समजून किंवा शत्रू समजून कोंडून ठेवते. त्या कुटुंबात मुले असतात. मोठ्या माणसांचा न्याय होईल तेव्हा होईल; पण त्या मुलांच्या शाळेचे काय? हा प्रश्न दूरच्या देशांतला आहे असे आपल्याला वाटते. तो आपल्या महाराष्ट्राच्या मातीतही अनेकदा उभा राहिला आणि आपण त्याची वेगवेगळी उत्तरे दिली, हे मला आज इतिहासातून दाखवायचे आहे.

पण हा प्रश्न मला प्रथम पुस्तकात भेटला नाही. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आपल्याच भागातल्या एका कारखान्यात आमचा संप चालू होता. दरवाजासमोर ठाण मांडून बसलेल्या बायकांना पोलिसांनी गाड्यांत भरून नेले आणि रात्रभर एका मोठ्या शेडमध्ये ठेवले. घरी मुलांना बघणारे कोणी नव्हते म्हणून काहींनी मुले बरोबर आणली होती. मीही त्या शेडमध्ये होतो. रात्री एक नऊ-दहा वर्षांची मुलगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "मामा, सकाय मना गणितना पेपर शे."

मी त्या रात्री साहेबांशी पगारावर भांडलो होतो, जामिनावर भांडलो होतो, पिण्याच्या पाण्यावर भांडलो होतो. या पोरीच्या पेपरवर कसे भांडावे ते मला कळेना. कोणत्या कलमाखाली? दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सुटलो, तोवर पेपर होऊन गेला होता. तिचे मास्तर भले होते. त्यांनी चार दिवसांनी तिला वेगळे बसवून पेपर घेतला. सगळ्यांनी मास्तरांचे आभार मानले, मीही मानले. घरी आल्यावर मात्र एक विचार डोक्यातून जाईना : मास्तर भले नसते तर?

मेहेरबानी आणि हक्क

कामगार चळवळीत वाढलेल्या माणसाला या दोन शब्दांतला फरक लवकर कळतो. मुंबईच्या गिरण्यांत पहिल्या महायुद्धानंतर मालक बोनस देऊ लागले. १९२३ चा बोनस त्यांनी बंद केला आणि १९२४ च्या जानेवारीत गिरण्यांत मोठा संप झाला. त्यावर नेमलेल्या, मुख्य न्यायाधीश नॉर्मन मॅक्लिओड यांच्या समितीने निर्णय दिला की बोनसवर कामगारांचा कायदेशीर हक्क पोचत नाही. म्हणजे मालकाने दिला तर घ्यावा, न दिला तर गप्प बसावे. त्यानंतर चाळीस वर्षे झगडून १९६५ साली बोनसचा कायदा झाला. रक्कम एखाद्या वर्षी तेवढीच हातात पडत असेल, पण ती घेणाऱ्याची मान आता वर असते. मेहेरबानीत देणाऱ्याचा स्वभाव पाहावा लागतो. हक्कात तो पाहावा लागत नाही.

हाच गज हातात घेऊन आपण कोंडलेल्या मुलांच्या शाळेचा इतिहास मोजू.

एकाच साली दोन कायदे

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन दिले आणि निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी, १९११ च्या मार्चमध्ये, नामदार गोखल्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. मागणी किती माफक होती पाहा. ज्या नगरपालिकेला किंवा लोकल बोर्डाला झेपेल तिने आपल्या हद्दीत सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची करावी, एवढेच. वर्षभर चर्चा झाली आणि १९१२ च्या मार्चमध्ये ते विधेयक तेरा विरुद्ध अडतीस मतांनी फेटाळले गेले. पैसा नाही, लोक तयार नाहीत, सक्ती बरी नव्हे, अशी कारणे पुढे आली.

त्याच कायदेमंडळात, त्याच १९११ साली, सक्तीचा दुसरा एक कायदा मात्र विनासायास मंजूर झाला. तो गुन्हेगार जमातींचा कायदा. मूळ कायदा १८७१ चा आणि उत्तर हिंदुस्थानापुरता. १९११ च्या कायद्याने त्याचे जाळे आपल्या मुंबई इलाख्यावर आणि साऱ्या देशावर पसरले. जमातीची जमात गुन्हेगार ठरवायची, प्रौढांची बोटांचे ठसे घेऊन नोंद करायची आणि लागेल तर तिला वसाहतीत आणून बसवायचे. या कायद्यात मुलांसाठीही कलम होते. सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून उद्योगशाळेत किंवा सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारने त्यात घेतला होता. १८९७ च्या दुरुस्तीत तर हे वय चार वर्षांपासून धरले होते.

म्हणजे शेतकऱ्या-कामकऱ्याच्या पोराला शाळेत घालण्यासाठी सक्ती करा म्हटले की सरकारला स्वातंत्र्याची आठवण होई आणि पारध्या-कैकाड्याच्या पोराला आईपासून काढताना तीच सक्ती गोड लागे. शिक्षण हा शब्द दोन्हीकडे होता. एकीकडे ते मुलाला द्यायचे होते. दुसरीकडे मुलाच्या हातून त्याची जमात मोडायची होती.

या कायद्याखाली आपल्या इलाख्यात ज्या वसाहती उभ्या राहिल्या त्यांत सोलापूरची फार मोठी. लोक तिला आजही 'सेटलमेंट' म्हणतात. भोवती तारेचे कुंपण, आत कैकाडी, टकारी, पारधी, कंजारभाट अशा जमातींची कुटुंबे, ठरलेल्या वेळी हजेरी आणि बाहेर जायचे तर पास. वसाहतीतली माणसे सोलापूरच्या गिरण्यांत कामाला जात. कामगार म्हणून ती आमचीच माणसे. पण पाळी संपली की आमचा कामगार घरी जाई आणि त्यांचा कामगार हजेरीला उभा राही.

या वसाहतींत शाळा होती काय? होती. मुलांना सक्तीची होती. कामाला जाणाऱ्या पोरांसाठी रात्रीचे वर्गही असत. बाहेरच्या गावकुसात, जिथे पारध्याच्या मुलाला शाळेच्या पायरीवर कोणी उभे करीत नव्हते, तिथे हे नव्हते, हेही कबूल केले पाहिजे. त्या शाळांत अक्षर गिरवलेली माणसे पुढे शिकली-सवरली, ते मी नाकारत नाही. पण आपला गज लावून पाहा. ज्या सरकारने बापाला जन्माने गुन्हेगार ठरविले, तेच सरकार मुलाचा हात धरून पाटीवर अक्षर काढून घेत होते. शाळेतली हजेरी आणि बापाची हजेरी ही एकाच व्यवस्थेची दोन पाने होती. शाळा मिळाली, पण 'मी कोण' या प्रश्नाचे उत्तर त्या शाळेत मुलाला स्वतः शोधता येत नव्हते. ते कुंपणावर आधीच लिहून ठेवलेले होते. हा कायदा १९५२ च्या ऑगस्टअखेर देशभर रद्द झाला. स्वातंत्र्याला तोवर पाच वर्षे झाली होती.

पंचगंगेकाठचे पोलंड

आता सोलापुराहून कोल्हापूरकडे चला. वाट दोनशेहून थोडी अधिक किलोमीटरांची आहे, पण आपण जणू दुसऱ्याच जगात जातो.

१९३९ च्या सप्टेंबरात पोलंडवर पश्चिमेकडून हिटलरची आणि पूर्वेकडून स्टालिनची फौज उतरली. १९४० आणि १९४१ या दोन वर्षांत पूर्व पोलंडमधल्या लक्षावधी माणसांना मालगाड्यांत कोंबून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेले. लाल बावट्याखाली वाढलेल्या माझ्यासारख्याला हे वाचणे जड गेले. पण जे आपल्याला जड जाते तेही इतिहासातून काढून टाकता येत नाही. १९४१ साली हिटलर रशियावर उलटला, तेव्हा रशिया आणि लंडनमधले निर्वासित पोलिश सरकार यांच्यात तह झाला आणि या लोकांना सोडण्यात आले. १९४२ साली त्यांतले पुष्कळ कास्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरले. तेथून काहीजण कराचीमार्गे हिंदुस्थानात आले. नवानगरच्या जामसाहेबांनी काठेवाडातल्या बालाचडीला शेकडो मुलांना आसरा दिला, ती गोष्ट बरीच प्रसिद्ध आहे. आपल्या कोल्हापूर संस्थानातल्या वळिवडे गावची गोष्ट त्या मानाने आपणांस कमी ठाऊक आहे.

वळिवड्याला पंचगंगेच्या खोऱ्यात १९४३ साली बराकींची एक वसाहत उभी राहिली. सुमारे पाच हजार पोलिश माणसे तेथे राहिली. त्यांत बहुतेक बायका आणि मुले. कर्ते पुरुष एक तर लढाईवर होते, नाही तर सैबेरियात मातीआड गेले होते. आणि त्या बायकांनी काय केले? प्राथमिक शाळा काढल्या, माध्यमिक शाळा काढली, शालान्त परीक्षेपर्यंतची सोय केली, हातचे धंदे शिकविण्याचे वर्ग चालविले, स्काउटची पथके उभी केली. दवाखाना झाला, प्रार्थनामंदिर झाले, नाटकासाठी रंगमंचही झाला. शिक्षक त्यांच्यातलेच, भाषा त्यांची, अभ्यासक्रम त्यांच्या देशाचा, आणि खर्चाची तजवीज लंडनमधल्या त्यांच्या सरकारची. बायका-मुले कोल्हापूरच्या बाजारात येत-जात. ज्या मुलांची दोन-तीन वर्षे बर्फात आणि उपासमारीत गेली होती, त्यांचे पुढचे एकही वर्ष वाया जाऊ द्यायचे नाही, असा जणू त्या बायांनी पण केला होता.

मला यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. ही माणसे कायमची राहायला आलेली नव्हती. उद्या कोठे जाणार, हे त्यांना कोणी सांगू शकत नव्हते. १९४८ पर्यंत ती पांगलीही. कोणी इंग्लंडला, कोणी आफ्रिकेतल्या दुसऱ्या छावण्यांत, कोणी मायदेशी. 'थोड्या दिवसांसाठी आलेल्यांना शाळा कशाला?' हा प्रश्न आज जगभर सरकारे विचारतात. वळिवड्याने त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. 'थोडे दिवस' म्हणता म्हणता पाच वर्षे झाली. पाच वर्षे म्हणजे मोठ्या माणसाच्या आयुष्यातला एक तुकडा. सहा वर्षांच्या मुलाचे मात्र ते सारे बालपण.

ती माणसे गेल्यावर त्याच बराकींत फाळणीने उखडलेले सिंधी निर्वासित आले आणि वळिवड्याच्या छावणीचे गांधीनगर झाले. आपल्या जळगावच्या सिंधी कॉलनीतल्या वडीलधाऱ्यांना छावणी म्हणजे काय ते सांगावे लागणार नाही. आज त्यांच्या नातवंडांची दुकाने आपल्या बाजारपेठेत आहेत.

आता जरा थांबून हिशेब करू. ज्या १९४३ साली वळिवड्याची शाळा भरत होती, त्याच साली सोलापूरला तारेआडची हजेरीही भरत होती. दोन्हीकडे बराकी, दोन्हीकडे मुले, दोन्हीकडे पाटी. एकीकडचे मूल दोस्त राष्ट्राचे पाहुणे होते, दुसरीकडचे याच मातीत जन्मलेले गुन्हेगार. कोल्हापूरच्या मातीचा मोठेपणा मी कमी करीत नाही. शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात १९१७ सालीच प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले होते. तिथे शाळेची किंमत लोकांना ठाऊक होती. तरीही वळिवड्याची शाळा हा पाहुणचार होता. पाहुणचार थोर गोष्ट आहे. पण तो पाहुण्याचा चेहरा पाहून होतो.

शत्रूची मुले

चेहरा बदलला की काय होते, तेही आपल्या इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचे आणि इटलीचे नागरिक इंग्रज सरकारने नजरकैदेत टाकले. पुरुष अहमदनगर, देवळाली, पुढे डेहराडून इथल्या छावण्यांत. आणि कुटुंबे आपल्या पुरंदर किल्ल्यावर आणि साताऱ्याला. हिटलरच्या छळाला भिऊन पळालेले ज्यू निर्वासितही 'शत्रुराष्ट्राचे' म्हणून नजरकैदेत पडले. सरकारी कागद माणसाचे दुःख वाचत नाही, त्याचा पासपोर्ट वाचतो.

राजस्थानातल्या देवळीचे नाव आमच्या चळवळीत आदराने घेतले जाते. तेथे १९४० - ४१ साली सरकारने राजकीय स्थानबद्ध ठेवले होते. कॉम्रेड डांगे होते, जयप्रकाश नारायण होते. १९४१ साली त्यांनी उपोषण केले आणि कामगारांचे नेते ना. म. जोशी यांनी कायदेमंडळात त्यांची बाजू मांडली. त्या मोठ्या माणसांनी तुरुंगाची शाळा केली. आपल्या धुळ्याच्या तुरुंगाचेही तेच झाले. १९३२ साली तेथे विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि अमळनेरच्या शाळेत शिकविलेल्या साने गुरुजींनी ती उतरून घेतली. त्या भिंतींतून एक ग्रंथ बाहेर आला.

पण म्हणून 'कोठडीतही शिकता येते' असे म्हणणाऱ्यांना मी सांगतो, विनोबा आत जाताना शिकलेले होते. आत जाताना ज्याला अजून बाराखडीही आलेली नाही, त्याने काय करावे?

याच देवळीत १९६२ साली पुन्हा गाड्या आल्या. चीनशी युद्ध झाले आणि आसाम, दार्जिलिंग, कालिंपाँग या भागांतल्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना पकडून इतक्या दूर आणले. पुष्कळांचा जन्म इथला, कित्येकांना चिनी धड बोलताही येत नव्हते. आसामातल्या चहाच्या मुलखातून निघालेली गाडी सात दिवस चालली. गाडीत म्हातारी होती, बाळंतिणी होत्या, दप्तर मागे टाकून आलेली शाळकरी मुले होती. यिन मार्श तेव्हा तेरा वर्षांच्या होत्या. त्यांनी मोठेपणी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले. जॉय मा यांचा तर जन्मच छावणीतला. त्यांनी मुंबईचे लेखक दिलीप डिसोझा यांच्याबरोबर २०२० साली देवळीकरांच्या हकिगती प्रसिद्ध केल्या. शेवटची माणसे सुटायला १९६७ साल उजाडले. अनेक मुलांची शाळा तेथे तुटली ती तुटलीच. त्यांच्यावर खटला नव्हता, आरोप नव्हता. चुकले एवढेच, की ज्यांच्या पोटी जन्मले त्यांचे नाक-डोळे शत्रूसारखे होते.

आणि हे इंग्रजांनी केले नाही, आपल्या स्वतंत्र लोकशाही राज्याने केले. आपली राज्यघटना तेव्हा बारा वर्षांची होती.

घटनेतला एक शब्द

मूळ घटनेच्या पंचेचाळिसाव्या कलमात म्हटले होते की दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचा राज्य प्रयत्न करील. प्रयत्न करील, हे शब्द पाहा. ती १९६० ची मुदत केव्हाच टळली. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा मूलभूत हक्क आहे असे म्हटले. २००२ च्या शहाऐंशीव्या दुरुस्तीने घटनेत एकवीस-अ हे कलम आले, २००९ साली कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. फुल्यांच्या मागणीपासून मोजले तर एकशे अठ्ठावीस वर्षे.

आता त्या कलमातला शब्द नीट पाहा. भाषणस्वातंत्र्याचे कलम 'नागरिकांना' हक्क देते. एकवीस-अ कलम सहा ते चौदा वर्षांच्या 'सर्व मुलांना' शिक्षण देण्यास राज्याला सांगते. नागरिकांची मुले असे म्हटलेले नाही, कागदपत्रे असलेली मुले असेही नाही. आम्ही करार वाचताना एकेका शब्दावर रात्र रात्र भांडतो, म्हणून मला या शब्दाचे वजन कळते. १९९२ साली भारताने बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला. त्यातही आईबापांच्या दर्जावरून मुलात भेद करू नये असे आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तर १९८२ सालीच निर्णय दिला होता की आईबाप बेकायदा आलेले असले तरी मुलाला सरकारी शाळेतून हाकलता येणार नाही. आईबापांच्या करणीचा भार मुलाच्या डोक्यावर ठेवणे न्यायाला धरून नाही.

शब्द चांगला आहे. तो तारेच्या आत पोचतो का, हा खरा प्रश्न. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने उपाध्याय खटल्यात तुरुंगातल्या बायकांच्या मुलांसाठी नियम घालून दिले. सहा वर्षांपर्यंतचे मूल आईजवळ राहू शकते, त्याच्यासाठी पाळणाघर आणि बालवाडी असावी आणि ती शक्यतो तुरुंगाच्या आवाराबाहेर असावी. हे शेवटचे मला फार शहाणपणाचे वाटते. आई आत असली तरी पोराने दिवसातले चार तास तरी भिंतीबाहेरचे आभाळ पाहावे.

आसामात नागरिकत्वाची नोंदवही तयार झाली. ३१ ऑगस्ट २०१९ च्या अंतिम यादीतून एकोणीस लाखांहून अधिक माणसे वगळली गेली. परके ठरलेल्यांना तेथे अनेक वर्षे तुरुंगांच्याच आवारात ठेवीत. २०२३ पासून गोलपारा जिल्ह्यात मटिया येथे तीन हजार माणसांची सोय असलेले केंद्र चालू झाले. एकाच घरात बाप यादीत आणि मूल यादीबाहेर असेही प्रकार झाले. २०२० च्या जानेवारीत केंद्र सरकारच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात सांगावे लागले की आईबाप नागरिक ठरले असतील तर त्यांच्या मुलांना अशा केंद्रात धाडणार नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत दिल्लीतल्या रोहिंग्या निर्वासितांच्या मुलांचा प्रश्न त्याच न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायालयाने सांगितले की शिक्षणात मुलामुलांत भेद होणार नाही. मुलांनी सरकारी शाळेत जावे आणि प्रवेश नाकारला तर उच्च न्यायालयाकडे यावे. चांगले सांगितले. पण आठ वर्षांच्या मुलाने उच्च न्यायालयाची पायरी चढायची, म्हणजे त्याला पुन्हा कोणा भल्या माणसाची वाट पाहणे आले. १९४६ चा परकीयांचा जुना कायदा जाऊन २०२५ साली नवा आला आहे. कायदा नवा झाला तरी गाडीत बसविलेल्या मुलाचे दप्तर जुन्याच ठिकाणी राहते.

मागणीपत्र

कामगार पुढाऱ्याचे भाषण मागणीपत्राशिवाय संपत नाही. या इतिहासातून माझ्या हाती जे लागले ते चार ओळींत मांडतो.

पहिली गोष्ट, मुलाला कोंडूच नये. बालहक्कांवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०१७ साली स्पष्ट सांगितले आहे की आईबापांच्या किंवा स्वतःच्या परदेशी असण्यावरून मुलाला डांबणे कधीच त्याच्या हिताचे नसते. कुंपणाआड उत्तम शाळा काढून कुंपण चांगले होत नाही; सोलापूरने ते दाखविले आहे. दुसरी गोष्ट, कोंडलेच तर पहिल्याच दिवसापासून शाळा हवी, आणि ती होईल तेवढी बाहेरची, गावातली, इतर मुलांबरोबरची. तिसरी, तीत त्याची भाषा हवी आणि त्याच्यातले शिक्षक हवेत. वळिवड्याचे यश तिथे होते. चौथी, तिथे शिकलेल्या वर्षाचा दाखला बाहेर चालला पाहिजे. सुटल्यावर मूल पुन्हा पहिलीत बसले तर आपण त्याला दोनदा शिक्षा केली.

माझे सोबती मला म्हणतात, "भाऊ, आपल्याच सातपुड्यातली पावरा-भिलांची पोरे दिवाळीनंतर आईबापांबरोबर कामाला जातात, चाळीसगावकडच्या ऊसतोड्यांची मुले फडावर असतात, रावेर-यावलच्या केळीच्या मळ्यांवर मजुरांची मुले आहेत. त्यांना कोणती तार आडवी आहे? तरी त्यांची शाळा बुडते. आधी त्यांचे बघ, मग परक्यांचे." हे बोलणे खोटे नाही. मी त्या फडांवर हिंडलो आहे. पण कामगार चळवळीने मला एक धडा शिकविला. बदली कामगाराचा हक्क मारू दिला की वर्ष-दोन वर्षांत कायम कामगाराचाही जातो. कारण हक्क माणूस बघून देता येतो, हे मालकाला एकदा कळलेले असते. ज्या राज्याला परक्याच्या मुलाचे शालेय वर्ष वाया गेलेले खुपत नाही, त्याला ऊसतोड्याच्या मुलाचेही खुपत नाही. दोघांची शाळा एकाच वाक्यावर उभी आहे, आणि त्या वाक्यात 'सर्व मुले' असे दोन शब्द आहेत.

त्या शेडमधल्या रात्रीकडे मी पुन्हा जातो. त्या पोरीला मी काय उत्तर दिले ते मला आज आठवत नाही. बहुधा "झोप बेटा, सकाळी बघू" असेच काहीतरी म्हणालो असेन. तेव्हा माझ्यापाशी सांगायला कलम नव्हते. आज आहे. म्हणून आपणांस माझी विनंती एवढीच आहे. उद्या वर्तमानपत्रात 'इतके परकीय नागरिक पकडले' अशी बातमी वाचाल, तेव्हा आकडा वाचून पान उलटू नका. त्यांत मुले किती, आणि ती कोणत्या इयत्तेत होती, हे आधी विचारा. आमदाराला विचारा, कलेक्टरला विचारा, वर्तमानपत्राला पत्र लिहून विचारा. मास्तर भले निघतील या आशेवर आपण फार वर्षे काढली.